हरिकेन येतंय म्हणतात, मग नेमकं बघायचं काय?

अमेरिकेच्या आखाती किंवा अटलांटिक किनाऱ्यावर नव्याने राहायला आलेल्या घरातला पहिला सप्टेंबर ठरल्यासारखा जातो. टीव्हीवर लाल भोवरा फिरत असतो, ऑफिसातले मुरलेले लोक "काही होत नाही हो" म्हणतात, व्हॉट्सॲपवर कुणीतरी दहा दिवसांनंतरचा रंगीत नकाशा ढकलतं आणि भारतातून फोन सुरू होतात. या गदारोळात कामाचे प्रश्न तीनच. माझ्या दारात किती पाणी येऊ शकतं? पहिला जोराचा वारा कधी पोचेल? त्याआधी मला कुठे पोचायचं आहे? वादळाचा डोळा नक्की कुठे टेकणार हा चौथा प्रश्न, आणि नवखा माणूस नेमका तोच सगळ्यात आधी विचारतो.

सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर. शिखर १० सप्टेंबरच्या आसपास. पुढचं सगळं त्या हिशेबाने.

१. आकाश निरभ्र असताना: आपला झोन शोधा

काउंटीच्या आपत्कालीन विभागाच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की तुमचा इव्हॅक्युएशन झोन कळतो. फ्लोरिडात ही अक्षरं असतात, 'ए' म्हणजे सगळ्यात आधी निघायचं. न्यूयॉर्क शहरात १ ते ६ असे आकडे आहेत. ह्यूस्टन-गॅल्व्हस्टन पट्ट्यात पिनकोडनुसार झिप-झोन आहेत. झोन कागदावर लिहून फ्रीजवर लावा, कारण ऐनवेळी काउंटीचं संकेतस्थळ हमखास बसतं.

इथे बहुतेक जण फसतात. इव्हॅक्युएशन झोन आणि फ्लड झोन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घर घेताना बँकेने सांगितलेला 'एई', 'व्हीई' किंवा 'एक्स' हा फ्लड झोन. तो विम्यासाठी आणि बांधकामासाठी. "आमचा एक्स झोन आहे, आम्हाला निघायची गरज नाही" हे वाक्य दर वर्षी ऐकू येतं आणि ते चूक आहे. निघायचं की नाही हे इव्हॅक्युएशन झोन ठरवतो.

विमाही आत्ताच बघा. घराच्या साध्या पॉलिसीत पुराचं पाणी धरलेलं नसतं. सरकारी फ्लड इन्शुरन्स साधारणपणे घेतल्यापासून ३० दिवसांनी लागू होतो, त्यामुळे समुद्रात वादळ दिसल्यावर एजंटला फोन करून उपयोग नाही. भाड्याने राहत असाल तर फक्त सामानाचाही फ्लड विमा मिळतो. घराच्या पॉलिसीत 'हरिकेन डिडक्टिबल' ही ओळ शोधा. ती बहुधा रकमेत नसून टक्क्यांत असते. ४ लाख डॉलरच्या घरावर ५ टक्के म्हणजे पहिले २० हजार तुमच्या खिशातून.

२. सात दिवस आधी: नकाशावरचे रंगीत डाग

मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर, म्हणजे एनएचसी, हा तुमचा मूळ स्रोत. बाकी वाहिन्या आणि ॲप बहुतांशी तिथलीच माहिती सजवून दाखवतात. सीझनमध्ये एनएचसी दिवसातून चार वेळा पुढच्या दोन आणि सात दिवसांचा आढावा काढतं. पिवळा डाग म्हणजे तिथे वादळ तयार होण्याची शक्यता ४० टक्क्यांहून कमी, नारिंगी ४० ते ६० टक्के, लाल त्याहून जास्त. डाग मोठा दिसला म्हणजे वादळ मोठं, असं नाही. ते कुठे जन्माला येऊ शकतं, तेवढंच तो पट्टा सांगतो.

याच टप्प्यात '९२एल' किंवा '९५एल' असली नावं कानावर येतील. नजर ठेवण्यासाठी दिलेला हा क्रमांक, ९० ते ९९ मध्ये फिरणारा. त्याला घाबरायचं कारण नाही. पाण्याचे कॅन आणि बॅटरीचे सेल मात्र याच आठवड्यात घ्या. पुढच्या आठवड्यात दुकानातला तो रॅक रिकामा असतो.

३. घड्याळ लावा

वादळाला नाव मिळालं की एनएचसीचं बुलेटिन दर सहा तासांनी येतं. पूर्व किनाऱ्याच्या उन्हाळी वेळेनुसार सकाळी ५, सकाळी ११, संध्याकाळी ५ आणि रात्री ११. टेक्सास-लुइझियानात एक तास आधी. किनाऱ्यावर वॉच किंवा वॉर्निंग (इशाऱ्याच्या दोन पायऱ्या, पुढे येतीलच) लागली की मध्ये ८ आणि २ वाजताही छोटं बुलेटिन निघतं, पण त्यात नवा मार्ग नसतो. फक्त वादळ आत्ता कुठे आहे आणि त्याचा जोर किती, एवढंच. म्हणून दर दहा मिनिटांनी फोन उघडून काही हाती लागत नाही. बुलेटिनच्या वेळी बघा आणि मधला वेळ कामात घाला.

दोन गोष्टी गोंधळ घालतात. जनतेसाठीच्या बुलेटिनमध्ये वेग ताशी मैलात असतो, तांत्रिक मजकुरात नॉटमध्ये. १ नॉट म्हणजे १.१५ मैल. "सकाळी ११५ होता, आता १०० झाला, म्हणजे उतरला" असं कुणी म्हणालं तर आधी एकक तपासा. १०० नॉट म्हणजे ११५ मैलच. दुसरी गोष्ट वेळेची. उपग्रहचित्रांवर 'झेड' किंवा यूटीसी लिहिलेलं असतं. पूर्वेच्या उन्हाळी वेळेसाठी त्यातून ४ तास वजा करा, टेक्सास-लुइझियानाच्या 'सेंट्रल' वेळेसाठी ५.

प्रत्येक मुख्य बुलेटिनसोबत 'फोरकास्ट डिस्कशन' नावाचा साधा मजकूर असतो. चित्र नाही, रंग नाही, म्हणून कुणी उघडत नाही. पण आपल्याला खात्री कशाची आहे आणि कशाची नाही, हे अंदाज बांधणारा माणूस तिथे सरळ लिहितो. दोन परिच्छेद वाचले तरी तासभर टीव्ही बघण्यापेक्षा जास्त कळतं. त्यात 'रॅपिड इंटेन्सिफिकेशन' हे शब्द आले की कान टवकारा. २४ तासांत वाऱ्याचा वेग ३० नॉट, म्हणजे ३५ मैलांनी किंवा त्याहून जास्त वाढणे, असा त्याचा अर्थ. २०१८ मध्ये मायकल ७ ऑक्टोबरला नुसतं डिप्रेशन, म्हणजे ताशी ३९ मैलांच्या आतलं वादळ होतं. १० तारखेला ते फ्लोरिडात मेक्सिको बीचजवळ टेकलं तेव्हा कॅटेगरी ५, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीचं होतं. तीन दिवस.

४. शंकू वाचायला शिका

नकाशावरचा तो पांढरा शंकू हे हरिकेनचं सगळ्यात ओळखीचं चित्र, आणि सगळ्यात चुकीचं वाचलं जाणारंही. तो असा बनतो: गेल्या पाच वर्षांत एनएचसीचे मार्गाचे अंदाज किती चुकले ते घेतात आणि प्रत्येक वेळेसाठी असं वर्तुळ काढतात की दोन तृतीयांश चुका त्यात बसाव्यात. ती वर्तुळं जोडली की शंकू. २४ तासांनंतरच्या वर्तुळाची त्रिज्या साधारण ४० सागरी मैल, पाचव्या दिवसाच्या वर्तुळाची २०० च्या पुढे.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, वादळाचं केंद्र तीनातून एकदा शंकूच्या बाहेर जातं, आणि यात अंदाज बिघडला असं काही नाही, शंकूची व्याख्याच तशी आहे. दुसरी, शंकू फक्त केंद्राचा आहे. वारा, पाऊस आणि समुद्राचं पाणी शंकूबाहेर शंभर-दोनशे मैलांवरही पोचतं. तिसरी, शंकू रुंद होत गेला म्हणजे वादळ मोठं होत गेलं असं नव्हे. आपलं अज्ञान वाढत गेलं, इतकंच.

शंकूतल्या अक्षरांपैकी 'डी' म्हणजे ताशी ३९ मैलांच्या आतलं, 'एस' ३९ ते ७३, 'एच' ७४ ते ११०, आणि 'एम' त्याच्या वर.

मधल्या रेघेकडे बघणं सोडा. ऑगस्ट २००४ मध्ये चार्लीची रेघ टॅम्पाकडे जात होती. वादळ शेवटच्या काही तासांत उजवीकडे वळलं आणि पुंटा गोर्डावर कोसळलं. पुंटा गोर्डा शंकूत होतं, लोक रेघ बघत होते. २०२२ मध्ये इयनच्या वेळीही कित्येक बुलेटिनं रेघ टॅम्पा आणि त्याच्या उत्तरेला होती. वादळ २८ सप्टेंबरला ताशी १५० मैल वेगाने टेकलं ते दक्षिणेला, कायो कोस्टा बेटावर. त्या किनाऱ्याशी वादळ तिरकं येतं, म्हणून मार्गात थोडासा फरक पडला तरी टेकण्याची जागा शंभर मैल सरकते. फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर राहणाऱ्याने हे पाठच करावं.

५. शेवयांचा गुंता

निरनिराळ्या संगणकी हवामान-मॉडेलांनी वर्तवलेले मार्ग एकत्र दाखवणाऱ्या, दहा-वीस रंगीत रेघांच्या नकाशाला इथे 'स्पॅगेटी मॉडेल' म्हणतात. बघायला हरकत नाही, पण आधी त्यातल्या फसव्या रेघा ओळखा. 'एक्सटीआरपी' हे मॉडेलच नाही. वादळ आत्ता ज्या दिशेने चाललंय तीच दिशा पट्टीने पुढे ओढलेली असते. 'सीएलपी५' ही पूर्वीच्या वादळांच्या सरासरीवरून काढलेली रेघ, इतरांची कामगिरी मोजायला ठेवलेली. या दोघींपैकी एक तुमच्या गावावरून गेली तर झोप उडवून घेऊ नका.

अमेरिकन मॉडेल जीएफएस दिवसातून चारदा चालतं, युरोपियन मॉडेलच्या मुख्य फेऱ्या दोन. समाजमाध्यमांवर फिरणारा "दहा दिवसांनी आपल्यावर राक्षस" छापाचा नकाशा बहुतेक वेळा जीएफएसच्या एकाच फेरीतला असतो आणि पुढच्या फेरीत तो राक्षस बर्म्युडाला निघून गेलेला असतो. बघायचंच असेल तर एन्सेम्बल बघा. तेच मॉडेल सुरुवातीच्या स्थितीत बारीक फरक करून तीस-पन्नास वेळा चालवलेलं असतं. रेघा एकत्र बांधलेल्या दिसल्या तर मार्गावर एकमत आहे, पंख्यासारख्या पसरल्या तर नाही. हे सगळं पाहून, विमानांनी वादळात सोडलेल्या यंत्रांची मोजमापं धरून, एनएचसीचा अंदाज बनतो. तुम्ही घरबसल्या त्याच्यावर मात कराल ही आशा सोडा.

६. कॅटेगरी वाऱ्याची, माणसं मारतं पाणी

सॅफिर-सिंप्सन मोजपट्टी: कॅटेगरी १ ताशी ७४ ते ९५ मैल, २ म्हणजे ९६ ते ११०, ३ म्हणजे १११ ते १२९, ४ म्हणजे १३० ते १५६, आणि १५७ पासून पुढे ५. ही पट्टी फक्त वाऱ्याची आहे. पाणी किती येईल याबद्दल ती काही सांगत नाही.

२००८ मध्ये आइक टेक्सासला धडकलं ते कॅटेगरी २ होतं. बोलिव्हर द्वीपकल्पावर १५ ते २० फूट पाणी चढलं, कारण वादळ अवाढव्य पसरलेलं होतं आणि त्याने फार मोठ्या पट्ट्यातलं पाणी ढकलत आणलं. २०१७ चं हार्वी रॉकपोर्टला कॅटेगरी ४ म्हणून टेकलं, पण ह्यूस्टन बुडालं ते नंतर, वारा उतरल्यावर, कारण वादळ जागचं हलेना आणि पाऊस थांबेना. टेक्सासमधल्या नेदरलंडला ६० इंचांहून जास्त पाऊस मोजला गेला. म्हणून कॅटेगरीसोबत आणखी दोन आकडे बघायची सवय लावा: वादळाचा पुढे सरकण्याचा वेग आणि ताशी ३९ मैलांचा वारा केंद्रापासून किती मैलांपर्यंत आहे. दोन्ही बुलेटिनमध्ये लिहिलेले असतात.

समुद्राच्या चढणाऱ्या पाण्याला इथे 'स्टॉर्म सर्ज' म्हणतात. ही लाट नसते. समुद्राची पातळीच वर येते आणि तासन् तास आत घुसत राहते. उत्तर गोलार्धात वारे केंद्राभोवती घड्याळाच्या उलट फिरतात, म्हणून वादळाच्या चालीच्या उजव्या अंगाला वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो आणि पाणी तिकडे चढतं. इयनच्या दिवशी डाव्या अंगाला पडलेल्या टॅम्पा बेचं पाणी मागे हटून तळ उघडा पडला, आणि त्याच वेळी दक्षिणेला फोर्ट मायर्स बीचवर जमिनीपासून १० ते १५ फूट पाणी होतं. तळ उघडा पडला तर बघायला उतरू नका. ते पाणी परत येतं.

एनएचसीचा सर्जचा आकडा 'एरवी कोरड्या असणाऱ्या जमिनीवर इतके फूट' असा असतो. '६ ते ९ फूट' लिहिलं असेल तर त्या पट्ट्यात माणूस उभा बुडेल इतकं पाणी, तेही वरच्या लाटा न धरता. पण भरती-ओहोटीच्या मापकाचा आकडा वेगळ्या पातळीवरून मोजतात, बहुधा सरासरी नीचतम ओहोटीपासून. २०१२ मध्ये सँडीच्या रात्री न्यूयॉर्कच्या बॅटरी इथल्या मापकाने सुमारे १४ फूट दाखवले. त्यातला वादळाचा वाटा होता ९ फुटांच्या आसपास. मापकाचा आकडा थेट आपल्या अंगणाला लावला की एकतर उगाच घबराट होते किंवा उगाच धीर येतो.

७. वॉच, वॉर्निंग आणि उलटी गणती

वॉच म्हणजे शक्यता आहे, वॉर्निंग म्हणजे येणारच असं धरा. हरिकेन वॉच ३९ मैलांचा वारा पोचण्याच्या साधारण ४८ तास आधी लागते, वॉर्निंग ३६ तास आधी. सर्जच्या वॉच-वॉर्निंग वेगळ्या निघतात, त्याही याच मुदतीच्या. या मुदती लँडफॉलपासून, म्हणजे केंद्र किनाऱ्याला टेकण्यापासून मोजलेल्या नाहीत, कारण ३९ मैलांच्या वाऱ्यात बाहेरचं काम संपतं: शिडीवर चढता येत नाही, उंच पूल बंद होऊ लागतात, रुग्णवाहिका थांबतात.

म्हणून तुमच्या गणतीतला शून्य तास म्हणजे पहिल्या ३९ मैलांच्या वाऱ्याची वेळ. त्यासाठी एनएचसीचा 'अरायव्हल टाइम' नकाशा आहे, दोन प्रकारांत. 'मोस्ट लाइकली' बघू नका. 'अर्लिएस्ट रीझनेबल' बघा. त्या वेळेआधी वारा येण्याची शक्यता फक्त १० टक्के असते.

समजा सोमवारी सकाळच्या नकाशावर तुमच्या गावाला बुधवार रात्री ८ ची वेळ आहे. तुमचं जाण्याचं ठिकाण एरवी चार तासांवर. गर्दीत ते दुप्पट किंवा त्याहून जास्त धरा, म्हणजे दहा तास. बुधवारी सकाळी १० ला निघालात तर पहिल्या वाऱ्यासोबत पोचाल, पंक्चर न झाल्यास. म्हणजे खरी वेळ मंगळवारची पहाट. पेट्रोल आणि औषधं आज, सोमवारी. खिडक्या सोमवारी संध्याकाळी. बॉसशी बोलायचं तेही आजच.

८. निघायचं असेल तर

इथले आपत्ती अधिकारी म्हणतात, पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. तुमच्या झोनला आदेश आला किंवा तुम्ही मोबाइल होममध्ये (कारखान्यात बनवून आणून ठेवलेल्या हलक्या घरात) असाल तर निघा. तसं नसेल आणि घर पक्कं असेल तर जागीच थांबा आणि निघणाऱ्यांसाठी रस्ता मोकळा ठेवा. २००५ मध्ये रिटाच्या वेळी ह्यूस्टन भागातून लाखो माणसं एकदम निघाली, त्यात निघायची गरज नसलेलेही होते, आणि लोक उन्हात तासन् तास अडकले. शंभर मैल जायची गरज नसते. आपल्या झोनबाहेरचं, उंचावरचं मित्राचं घर पुष्कळदा पुरतं.

झिपलॉक पिशवीत घालायचं ते असं:

- सगळ्यांचे पासपोर्ट, व्हिसा, ग्रीन कार्ड किंवा ओसीआय
- इमिग्रेशनचे कागद: आय-७९७ (मंजुरीची नोटीस), विद्यार्थ्यांचे आय-२०, आय-९४ (प्रवेशाची नोंद) ची छापील प्रत
- जन्म आणि विवाहाचे दाखले, सोशल सिक्युरिटी कार्ड
- लीज किंवा घराचे कागद, घर-फ्लड-गाडीच्या पॉलिसी
- औषधांची यादी आणि किमान दोन आठवड्यांची औषधं
- थोडी रोकड, सुट्ट्या नोटांत. वीज गेली की कार्ड चालत नाही

पासपोर्ट भिजला तर तो वाणिज्य दूतावासातून नवा मिळेपर्यंत महिने जाऊ शकतात, म्हणून ती पिशवी डिकीत नको, अंगाजवळच्या सॅकमध्ये. भारतातून आलेले आई-बाबा घरी असतील तर त्यांची औषधं आधी मोजा. तिकडच्या चिठ्ठीवर इथली फार्मसी सहसा औषध देत नाही. आणि निघण्यापूर्वी प्रत्येक खोलीचा, कपाटं उघडून, व्हिडिओ काढा. विम्याच्या दाव्याला तोच कामाला येतो.

९. थांबायचं असेल तर

पाणी माणशी रोज १ गॅलन. चौघांना सात दिवस म्हणजे २८ गॅलन, सुमारे १०६ लिटर. टब भरून ठेवा, ते पाणी संडासासाठी. काचांवर चिकटपट्टीची फुली मारणं निव्वळ वाया: काच फुटतेच, फक्त तुकडे मोठे होतात. शटर नसतील तर पाच अष्टमांश इंच जाडीचं प्लायवूड, आधीच मापाने कापून, भोकं पाडून, कुठल्या खिडकीचं ते मार्करने लिहून. गॅरेजचं दार हा घराचा सगळ्यात कच्चा भाग. ते आत दबलं की वारा घरात शिरून छताला आतून उचलतो.

रात्री खिडक्या नसलेल्या आतल्या खोलीत बसा. अचानक शांतता झाली तर बाहेर पडू नका, डोळा डोक्यावर असू शकतो. त्यानंतरचा वारा उलट दिशेने, आणि एकदम येतो.

१०. वादळ गेल्यावर

जनरेटर घरापासून निदान २० फूट लांब, धुराचं तोंड दारं-खिडक्यांच्या उलट दिशेला. गॅरेजमध्ये, दार उघडं ठेवूनही, नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि वादळातून वाचलेली माणसं त्याने जातात. फ्रीज न उघडल्यास ४ तास टिकतो, भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. वीज किती दिवस नसेल याचा अंदाज कॅटेगरीवरून बांधू नका. २०२४ मध्ये बेरिल कॅटेगरी १ होतं आणि ह्यूस्टन परिसरात २० लाखांहून अधिक जोडण्या बंद पडल्या, तेही जुलैच्या उकाड्यात.

रस्त्यावरच्या पाण्यात गाडी घालू नका. फूटभर पाणी लहान गाडी तरंगवतं, आणि त्याखाली रस्ता शिल्लक आहे की नाही ते वरून दिसत नाही.

वादळ जमिनीवर विरत गेलं की एनएचसी ते वेदर प्रेडिक्शन सेंटरकडे सोपवतं आणि बातम्यांतला भोवरा नाहीसा होतो. तुमचे नातेवाईक किनाऱ्यापासून चारशे मैल आत डोंगरात असतील, तर त्यांना फोन करायची वेळ हीच. २०२४ मध्ये हेलीन २६ सप्टेंबरला रात्री फ्लोरिडात टेकलं, आणि दुसऱ्या दिवशी नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिलच्या नद्या काठ सोडून वाहत होत्या. त्यांना शंकू बघायला सांगू नका. जवळच्या नदीचा मापक बघायला सांगा, आणि फ्लॅश फ्लड वॉर्निंगचा आवाज फोनवर चालू आहे ना, ते विचारा.